घटक ६ : चिनी-पाश्चात्त्य सांगीतिक देवाणघेवाण : फिलाडेल्फिया वाद्यवृंदाचा चीनदौरा (१९७३)

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील :
- चीनमध्ये पाश्चात्त्य अभिजात संगीत कसे रुजले, ते थोडक्यात सांगता येईल.
- १९७३च्या दौऱ्यातील कार्यक्रमाच्या निवडीमागील राजकारण स्पष्ट करता येईल.
- 'देवाण' आणि 'घेवाण' या दोन्ही अंगांनी एखाद्या सांस्कृतिक कार्यक्रमाचे परीक्षण करता येईल.

६.२ प्रास्ताविक

मागील घटकात आपण भाषांतराच्या द्वारे होणाऱ्या सांस्कृतिक संक्रमणाचा विचार केला. संगीताला भाषांतराची गरज नसते, ते थेट हृदयाला भिडते, असे आपण नेहमी ऐकतो. या विधानात तथ्य आहे. पण ते अपुरे आहे. दोन देशांचे कलावंत एका मंचावर येतात तेव्हा कोणती रचना वाजवायची, ती कोणी निवडायची आणि कोणती रचना वगळायची, हे प्रश्न उभे राहतातच. त्यांची उत्तरे केवळ संगीताच्या क्षेत्रात मिळत नाहीत. प्रस्तुत घटकात एका ऐतिहासिक दौऱ्याच्या आधारे या प्रश्नांची चर्चा केली आहे.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ पूर्वपीठिका

चीन आणि युरोप यांचा सांगीतिक संबंध जुना आहे. जेझुइट धर्मप्रचारक मातेओ रिची याने १६०१मध्ये मिंग सम्राट वानली याला एक क्लॅव्हिकॉर्ड भेट दिले होते. शांघायमध्ये १८७९ साली स्थापन झालेल्या सार्वजनिक बँडमधून पुढे तेथील सिम्फनी वाद्यवृंद आकाराला आला. १९२७मध्ये त्याच शहरात संगीत महाविद्यालय निघाले आणि चिनी तरुण पियानो, व्हायोलिन, रचनाशास्त्र शिकू लागले. म्हणजे १९७३ साली अमेरिकी वादक चीनमध्ये आले, तेव्हा बेथोव्हेन तेथे नवखा नव्हता. तो गप्प केला गेला होता.

१९६६मध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाली. पाश्चात्त्य संगीत 'भांडवलदारी' ठरले, संगीत महाविद्यालयांतील अध्यापकांचा छळ झाला आणि मंचावर 'आदर्श' म्हणून मान्यता मिळालेल्या मोजक्या कलाकृतीच उरल्या. या निवडीची सूत्रे माओ यांच्या पत्नी ज्यांग छिंग यांच्या हाती होती. पियानोवादक यिन छंगचोंग यांना १९६२च्या चायकॉव्हस्की स्पर्धेत दुसरे पारितोषिक मिळाले होते. १९६७मध्ये त्यांनी आपला पियानो तिआनआनमेन चौकात नेला आणि लोकांसमोर चिनी गीते वाजवून हे वाद्य जनतेच्याही उपयोगाचे आहे, हे पटवण्याचा प्रयत्न केला. एका वादकाला आपल्या वाद्याचे प्राण वाचवण्यासाठी असा खटाटोप करावा लागला, हे ध्यानात ठेवावे.

६.३.२ सप्टेंबर १९७३ : निवडीचे राजकारण

फेब्रुवारी १९७२मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी चीनला भेट दिली. त्यानंतर संबंध सुधारण्याचा एक भाग म्हणून फिलाडेल्फिया वाद्यवृंदाचा दौरा ठरला. लंडन आणि व्हिएन्ना येथील वाद्यवृंद त्याच वर्षी आधी येऊन गेले होते. परंतु जनतेच्या प्रजासत्ताक चीनमध्ये वादन करणारा हा पहिला अमेरिकी वाद्यवृंद होय. युजीन ऑर्मंडी हे त्याचे संचालक होते. बीजिंग आणि शांघाय येथे कार्यक्रम झाले.

बीजिंगमधील एका कार्यक्रमात बेथोव्हेनची पाचवी सिम्फनी वाजवण्याचे योजले होते. ज्यांग छिंग यांनी त्याऐवजी सहावी, म्हणजे 'पॅस्टोरल' सिम्फनी मागितली. तिची स्वरलिपी वाद्यवृंदाने सोबत आणलेली नव्हती आणि ऑर्मंडी यांना ती रचना विशेष प्रियही नव्हती. अमेरिकी राजनैतिक अधिकारी निकोलस प्लॅट यांनी त्यांची समजूत घातली. चीनची क्रांती ही शेतकऱ्यांची क्रांती असल्याने ग्रामजीवनाची ही सिम्फनी त्यांना जवळची वाटते, असे कारण आपण ऐनवेळी रचून सांगितले, असे प्लॅट यांनी पुढे नमूद केले आहे. चिनी वादकांकडून हस्तलिखित स्वरलिपी मिळवण्यात आली आणि तिच्यावरून वादन पार पडले.

ही निवड केवळ लहरीची नव्हती, असे मानण्यास आधार आहे. पाचव्या सिम्फनीला शीर्षक नाही. तिचा अर्थ श्रोता आपल्या मनाने लावतो. सहाव्या सिम्फनीच्या प्रत्येक भागाला स्वतः बेथोव्हेनने वर्णनपर शीर्षक दिले आहे. ओढा, खेडुतांचा मेळा, वादळ ही चित्रे तिच्यात स्पष्ट आहेत. ज्या संगीताचा आशय शब्दांत सांगता येतो, त्यावर नियंत्रण ठेवता येते. १९७४च्या आरंभी चीनच्या वृत्तपत्रांतून 'शीर्षकविहीन संगीता'विरुद्ध मोहीमच उघडण्यात आली, हे या संदर्भात सूचक आहे.

मात्र याच दौऱ्यात पाचवी सिम्फनीही वाजली. ती मंचावर नव्हे, तालमीच्या खोलीत. ऑर्मंडी चीनच्या सेंट्रल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाच्या भेटीस गेले असता संचालक ली देलुन यांनी पाचवीचा पहिला भाग सादर केला आणि दुसऱ्या भागासाठी संचालनाची छडी पाहुण्याच्या हाती दिली. चिनी वादकांना ही रचना अनेक वर्षे जाहीरपणे वाजवता आली नव्हती. दौऱ्यातील खरी देवाणघेवाण या प्रसंगात घडली, असे म्हणता येईल.

६.३.३ वाजलेली आणि न वाजलेली रचना

अमेरिकी वाद्यवृंदाने यिन यांच्या साथीने 'पीत नदी' हा पियानो कॉन्चेर्तोही वाजवला. त्याचे मूळ १९३९ साली येनान येथे श्यान शिंगहाय यांनी जपानविरोधी युद्धाच्या काळात रचलेल्या समूहगायनात आहे. श्यान पॅरिसमध्ये शिकलेले होते. यिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सामूहिकपणे सिद्ध केलेले त्याचे पियानोरूप १९७०मध्ये पुढे आले. त्याची बांधणी युरोपीय आहे, विषय चिनी आहे आणि अखेरीस क्रांतिगीतांची धून आहे. त्यामुळे ते राजमान्य ठरले.

याउलट 'फुलपाखरू-प्रेमिक' हा व्हायोलिन कॉन्चेर्तो दौऱ्यात वाजणे शक्यच नव्हते. छन गांग आणि हो चानहाओ या शांघाय महाविद्यालयातील दोन विद्यार्थ्यांनी १९५९मध्ये तो रचला. ल्यांग शानबो आणि चू यिंगताय यांच्या शोकान्त प्रेमकथेवर तो आधारलेला आहे. सांस्कृतिक क्रांतीत त्यावर बंदी होती. आज तो चिनी वाद्यवृंद-संगीतातील सर्वाधिक लोकप्रिय रचनांपैकी एक आहे.

मराठी श्रोत्याला ही रचना समजण्यास एक सोपी वाट आहे. चिनी संगीतातील 'गोंग' या पंचस्वरी रचनेचे स्वर आपल्या भूप रागाच्या सा, रे, ग, प, ध या स्वरांशी जुळतात. एर्हू या दोन तारांच्या वाद्यावर स्वरावरून स्वरावर घसरत जाण्याची जी पद्धत आहे, ती आपल्या मींडेच्या जवळची आहे. या कॉन्चेर्तोत व्हायोलिनकडून हेच काम करून घेतले आहे. परके वाद्य घेऊन त्याला आपली बोली शिकवण्याचा अनुभव आपल्यालाही आहे. हिंदुस्थानी संगीतातील व्हायोलिन आणि मराठी नाट्यसंगीतातील हार्मोनियम ही त्याची परिचित उदाहरणे होत.

६.३.४ उलट दिशेचा प्रवाह

देवाणघेवाण एकाच दिशेने होत नाही. पुच्चिनीने 'तुरांदोत' (१९२६) या ऑपेरात 'मोलीहुआ' हे चिनी लोकगीत वापरले. हा ऑपेरा १९९८मध्ये बीजिंगच्या निषिद्ध नगरीच्या परिसरात सादर झाला. दिग्दर्शक चांग यीमोउ होते, तर संगीत-संचालक मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता. इटलीत गेलेली धून अशी स्वगृही परतली. तथापि ऑपेरातील चीन ही युरोपीय कल्पनेतील भूमी आहे, हे अभ्यासकाने विसरू नये.

१९७३च्या दौऱ्याचे परिणाम पुढेही दिसतात. संगीतकार तान दुन तेव्हा ग्रामीण भागात भातशेतीत राबत होते. ध्वनिक्षेपकावरून या वाद्यवृंदाचे सूर कानी पडल्याची आठवण त्यांनी सांगितली आहे. मार्च १९७७मध्ये, बेथोव्हेनच्या १५०व्या स्मृतिदिनी, सेंट्रल फिलहार्मोनिकने पाचवी सिम्फनी जाहीरपणे वाजवली. यिन यांना मात्र ज्यांग छिंग यांच्या पतनानंतर चौकशीला तोंड द्यावे लागले आणि १९८३मध्ये ते अमेरिकेस गेले. एका राजवटीच्या आश्रयाने वाचलेला कलावंत दुसऱ्या पर्वात त्याच आश्रयापायी अडचणीत आला.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. दौऱ्यात पाचव्या सिम्फनीऐवजी कोणती सिम्फनी मागण्यात आली?
२. 'पीत नदी' कॉन्चेर्तोचे मूळ कोणत्या रचनेत आहे?
३. 'गोंग' रचनेचे स्वर कोणत्या रागाशी जुळतात?

६.४ सारांश

सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या कार्यक्रमात काय वाजले याइतकेच काय वाजू दिले नाही, हेही महत्त्वाचे असते. १९७३च्या दौऱ्यात निवड सत्तेने केली. तरीही तालमीच्या खोलीत वादकांनी एकमेकांकडून काही घेतलेच. राजकारणाने मंच उभारून दिला म्हणून संगीत खोटे ठरत नाही आणि संगीत खरे होते म्हणून राजकारण निर्दोष ठरत नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहणे हीच या विषयाच्या अभ्यासाची योग्य दृष्टी होय.

६.५ पारिभाषिक शब्द

सिम्फनी : वाद्यवृंदासाठीची, सामान्यतः चार भागांची दीर्घ रचना. (पॅस्टोरल सिम्फनीचे भाग पाच आहेत.)
कॉन्चेर्तो : एक प्रमुख वादक आणि वाद्यवृंद यांच्या संवादाची रचना.
एर्हू : दोन तारांचे, गजाने वाजवायचे चिनी वाद्य.

६.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. सहावी, 'पॅस्टोरल'. २. श्यान शिंगहाय यांच्या १९३९च्या समूहगायनात. ३. भूप.

६.७ स्वाध्याय

१. 'संगीताला भाषांतराची गरज नसते' या विधानाची १९७३च्या दौऱ्याच्या आधारे चर्चा करा.
२. आपल्या परिसरातील एखाद्या सांस्कृतिक कार्यक्रमास उपस्थित राहून कार्यक्रमाची निवड कोणी व कोणत्या निकषांवर केली, याची माहिती घ्या आणि दोन पृष्ठांचे टिपण लिहा.