खाण तशी माती? गाईच्या वजनातून समजून घेऊ आनुवंशिकता-प्रमाण



पालकसभेत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आमच्या घरात गणित कुणालाच जमलं नाही, याला कुठून जमणार?" याचं उत्तर शोधायला आज आपण अमेरिकेतल्या गोठ्यात जाऊ.

तिथे मांसासाठी अँगस, हियरफर्ड अशा जातींची गुरं पाळतात. गाय साधारण चार-पाच वर्षांची झाली की तिचं वजन स्थिरावतं. जड गाईला रोजचा चारा जास्त लागतो, म्हणून या वजनाचा हिशोब महत्त्वाचा. कळपात कुणी हलकी, कुणी जड. या फरकातला किती वाटा आनुवंशिक आणि किती चारा, हवामान, आजारपण यांचा? आनुवंशिक वाट्याला आनुवंशिकता-प्रमाण म्हणतात. ते ० ते १ मध्ये असतं.

कसं काढतात?

अनेक वळू घ्यायचे. प्रत्येकाला चिठ्ठ्या टाकून गाई वाटून द्यायच्या. एका वळूच्या, पण वेगवेगळ्या आयांच्या मुली सावत्र बहिणी. त्यांच्यात सरासरी पाव जनुकं समान. म्हणून वळूंमुळे पडणाऱ्या फरकाला ४ ने गुणायचं. वजन मात्र सारख्या वयात करायचं आणि गाभण आहे का, अंगावर चरबी किती, हेही पाहायचं. नाहीतर हिशोब चुकतो.

समजा, वजनातला एकूण व्हेरियन्स २५०० आणि वळूंमुळे आलेला २५०.
४ × २५० = १०००
१००० ÷ २५०० = ०.४

उपयोग काय?

समजा कळपाची सरासरी ५५० किलो. निवडलेले आईबाप आपापल्या सरासरीपेक्षा ५० किलोंनी जड. मग ५० × ०.४ = २०. म्हणजे कालवडी मोठ्या झाल्यावर सरासरी ५७० किलोंच्या, ६०० च्या नाही!

इथेच गल्लत होते

०.४ म्हणजे एका गाईचं ४० टक्के वजन आईबापाकडून आलं, असं नाही. हे प्रमाण कळपातल्या फरकाचं आहे, एकीचं नाही. सगळ्यांना अगदी सारखा चारा दिला तर चाऱ्यामुळे पडणारा फरक कमी होतो आणि प्रमाण वाढतं. जनुकं मात्र तीच. आणि प्रमाण कितीही जास्त असलं तरी चारा सुधारला की अख्ख्या कळपाचं वजन वाढतं.

आता त्या पालकांकडे वळू. घरातल्यांना गणित जमलं नाही, यावरून या एका मुलाला जमणार नाही असं ठरत नाही. त्याच्या वाट्याचा चारा म्हणजे सराव, वेळ आणि धीर. तो देणं आपल्या हातात आहे.

सरावासाठी: वरच्याच उदाहरणात प्रमाण ०.२ असेल तर कालवडींचं सरासरी वजन किती? (उत्तर: ५६० किलो)