बाळाचा श्वास मोजायला शिकू या



मागच्या थंडीतली गोष्ट आहे. मेळघाटातल्या एका लहानशा ढाण्यावर (कोरकू वस्तीला इकडे ढाणा म्हणतात) दुपारची उपासना आटोपली. एक आजी नातवाला पदराखाली घेऊन पुढे आली. मूल चार महिन्यांचे. "ताई, दूध कमी पितो. याच्यासाठी प्रार्थना करा," म्हणाली. मी त्याच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. प्रार्थना केली, गोधडीत नीट गुंडाळून ठेवा असे सांगितले, आणि अंधार पडायच्या आत घाट उतरायचा म्हणून आम्ही निघालो.

तिसऱ्या दिवशी फोन आला. मुलाचे ओठ निळे पडले होते आणि पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके होते. इकडे त्याला डंबा देणे म्हणतात. गाडी मिळाली, ऑक्सिजन मिळाला, मूल वाचले. देवाचे आभार मानावे तेवढे थोडेच. पण दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला, "तुम्ही पाहिले त्या दिवशी श्वास किती होता?" माझ्याकडे उत्तर नव्हते. श्वास मोजायचे प्रशिक्षण मी घेतलेले आहे, त्याचा तक्ता आमच्या खोलीच्या भिंतीवर लावलेला आहे. त्या दिवशी मी गोधडीसुद्धा उघडली नव्हती.

घरी परतल्यावर त्या आजीवर रागवायची इच्छा मलाही झाली होती. मग तिच्याशी बसून बोलले. ती म्हणाली, "पोट भात्यासारखे वरखाली होत होते, म्हणून पोटाचे दुखणे समजले." म्हणजे आजीने पाहायला हवे तिथेच पाहिले होते. मी मात्र कपाळावर थांबले होते. तिचा अंदाज चुकला, उपाय तर फारच चुकला. भाजलेल्या जखमेने मुलाला आणखी एक दुखणे दिले, आणि त्यात दोन दिवस गेले. पण तिची नजर चुकली नव्हती. आजचा पाठ त्या नजरेला पुढचे पाऊल शिकवण्यासाठी आहे.

न्यूमोनियात फुप्फुसातल्या बारीक पिशव्यांत पू आणि पाणी साठते. हवा आत येते, पण रक्तात पुरेसा प्राणवायू जात नाही. तो कमी पडला की मूल जास्त वेळा श्वास घेऊन भरपाई करते. लहान बाळ मुख्यतः पोटाने श्वास घेते, म्हणून ही धावपळ आपल्याला पोटावर दिसते. ताप असेलच असे नाही. कुपोषित मुलाच्या अंगात ताप आणण्याइतकीही ताकद कधी कधी नसते, आणि अगदी नवजात बाळ तर आजारात तापण्याऐवजी गार पडू शकते. "अंग गरम नाही म्हणजे ठीक आहे" हे वाक्य आपल्या तोंडून किती सहज निघते, ते आठवून पाहा.

आता मोजायचे कसे? मूल शांत असावे. रडणारे किंवा दूध पिणारे मूल मोजू नये, आकडा चुकतो. झोपले असेल तर उत्तम. आईच्या मांडीवरच राहू द्या. अंगावरचे कपडे छातीपासून पोटापर्यंत वर घ्या आणि उजेडात पाहा. पोट एकदा वर येऊन खाली गेले की एक श्वास. मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावा. पंधरा सेकंद मोजून चौपट करण्याची हुशारी इथे चालत नाही, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा नसतो, मध्येच थांबतो, मध्येच भरभर होतो.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास झाले तर ते जलद. अशा वेळी पुन्हा एकदा मोजा. दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर घरी थांबू नका, थेट दवाखाना. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास जलद समजावेत. सर्दी-खोकला असून श्वास एवढा जलद असेल तर त्याच दिवशी आशाताई किंवा आरोग्य केंद्र गाठा. तिथे औषध मोफत मिळते. ते सांगितलेले सगळे दिवस द्यावे लागते. दुसऱ्या दिवशी मूल हसू-खेळू लागले म्हणून उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवणारी घरे मी खूप पाहिली आहेत.

पन्नासपर्यंत मोजता येत नाही, असे बायका मला सांगतात. ही अडचण जुनीच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावच्या निरक्षर दाईंना मणी आणि एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ असलेले साधे साधन दिले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. त्या दाईंनी न्यूमोनिया ओळखून दाखवला. आपल्याकडे मणी नसले तर मक्याचे दाणे आहेत. एकीने मोबाइल पाहायचा, दुसरीने बोटांवर दहा झाले की एक दाणा टाकायचा. चार महिन्यांच्या मुलासाठी मिनिटाच्या आत पाच दाणे पडले, तर उठायचे.

काही खुणा मात्र मोजायच्या नसतात, नुसत्या दिसल्या तरी पुरे. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग बाहेर येण्याऐवजी आत ओढला जातो. नाकपुड्या फुगतात. मूल कण्हते. दूध ओढत नाही, सगळे उलटून टाकते, झटके येतात, हाक मारली तरी डोळे उघडत नाही, ओठ निळसर होतात. यांतली एक जरी खूण दिसली तरी १०८ ला फोन लावा. वाटेत बाळाला आईच्या उघड्या छातीशी लावून वरून पांघरूण घाला, तोंड-नाक मोकळे ठेवा. पिऊ शकत असेल तर दूध थोडे थोडे चालू द्या. खोकल्याचे बाटलीतले औषध, सुई टोचणाऱ्या भोंदू डॉक्टराची फेरी, नाकात तेल, यांतले काही करू नका.

आजार होऊच नये म्हणून काय? पहिले पिवळसर चिकाचे दूध फेकू नये आणि सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे, हे आपण या अंकांतून अनेकदा लिहिले आहे. चुलीचा धूर हा मोठा शत्रू. चूल बंद होणार नसेल तर निदान स्वयंपाकाच्या वेळी बाळ दुसरीकडे, धुराबाहेर ठेवा. न्यूमोनियाविरुद्धची पीसीव्ही लस सरकारी लसीकरणात मोफत आहे. ती सहाव्या आठवड्यात, चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात मिळते. कामासाठी स्थलांतर करणाऱ्या घरांचा नवव्या महिन्याचा डोस हमखास चुकतो. निघताना लसीचे कार्ड सोबत न्या, ते दुसऱ्या गावीही चालते.

त्या ढाण्यावर आम्ही आता उपासनेनंतर तान्ह्या मुलांचे श्वास मोजतो. आजारी मुलासाठी प्रार्थना आधीही होत होती, आताही होते, फक्त गोधडी उघडून होते. ती आजी दाणे टाकण्यात सगळ्यांत पुढे असते, आणि माझा आकडा चुकला की मला थांबवते. भुमकालाही आम्ही बोलावले होते. तो दोन वेळा आला, नुसता बसला, काही बोलला नाही. मग जानेवारीत त्यानेच एका आईला "आधी दाणे टाकून ये" म्हणून परत पाठवले.

एक गोष्ट अजून राहिली आहे. गावात फोनला रेंज नाही. ती शाळेमागच्या चढावर, मोहाच्या झाडाजवळ मिळते. तुमच्या गावात अशी जागा कुठे आहे ते दिवसा पाहून ठेवा, आणि घरातल्या प्रत्येकाला ती अंधारात सापडेल अशी दाखवा.