नववीत गेली आणि खेळ सुटला

प्रश्न : माझी मुलगी सातवीपर्यंत रोज खो-खो खेळायची. आता नववीत आहे. शाळा, क्लास, मोबाइल. क्लासलाही मीच स्कूटीवरून सोडते. वयामुळे असं होतं का? – एक आई, सातारा

उत्तर : वयाबरोबर हालचाल कमी होते हे खरं, पण दोष एकट्या वयाचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीनुसार २०१६ मध्ये जगातली ११ ते १७ वयोगटातली ८१ टक्के मुलं पुरेशी हालचाल करत नव्हती. मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के, आणि २००१ पासून त्यात सुधारणा जवळपास शून्य. मुलगे अडीच टक्क्यांनी सुधारले, तेवढंच! म्हणजे मुलांच्या हाती मोबाइल नव्हते तेव्हाही हेच चित्र होतं; सगळं खापर मोबाइलवर फोडता येणार नाही.

रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी. ती सलगच हवी असं नाही. क्लास दोन किलोमीटरच्या आत असेल तर स्कूटी घरी ठेवा, सायकल द्या. जाऊन-येऊन वीस मिनिटं तिथेच झाली. आठवड्यातून तीन दिवस दोरीच्या उड्या, सूर्यनमस्कार.

एक गोष्ट तिला मोकळेपणाने विचारा. पाळीचे दिवस, घामाची किंवा मैदानावरच्या नजरांची लाज, यामुळेही मुली खेळ सोडतात आणि घरी मात्र ‘अभ्यास आहे’ सांगतात. पाळीत खेळायला हरकत नसते. मात्र थोडं चाललं तरी धाप लागत असेल किंवा चक्कर येत असेल, तर आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या.

आणि दहावीच्या वर्षी तिचा खेळ बंद करू नका.