ताडोबाची हिवाळी सहल

नोव्हेंबरांत ताडोबास जावयाचें तर तेथें पाहावयाचें काय? बहुतेक विद्यार्थी ‘वाघ’ असें उत्तर देतील. केवळ या उत्तरावर सहलीची आंखणी केल्यास पालकांचा पैसा खर्चून मुलें खट्टू होऊन परततात, असें आमचें मत आहे.

चंद्रपूर जिल्ह्यांतील हें अरण्य १९५५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें. पावसाळ्यांत बंद असलेला त्याचा गाभा आक्टोबरांत उघडतो. तेव्हां ओढेनाले भरलेले व गवत उंच वाढलेलें असतें. उन्हाळ्यांत ज्या जनावरास पाणवठा सोडवत नाहीं, तें आतां कोठेंही तहान भागवितें, आणि दहा हातांवर असूनही दिसत नाहीं. मग जावें कशास? ऐकण्यासाठीं! चितळाची भेदरलेली हांक, वानरांचें खेंकसणें यांवरून वाघाची वाट ओळखतां येते. तलावावर पाहुणे पक्षीही उतरूं लागलेले असतात.

पुण्याहून नागपुरापर्यंत आगगाडीची एक रात्र धरावी, पुढें मोटार. प्रवेशपत्र आधींच काढावें. मंगळवारीं उद्यान बंद असतें, हें विसरणारा फाटकावरूनच परततो. पहांटे उघड्या मोटारींत थंडी हाडांपर्यंत पोंचते. कानटोपी व घोंगडी घ्यावी, भडक रंगाचे कपडे घरींच ठेवावे.