झावळ्या हातीं घेण्यापूर्वीं

पाठ : लूक १९ : २८-४४.

झावळ्यांच्या रविवारीं आमच्या पुष्कळ मंडळ्या होसान्ना गात मिरवणुकीनें निघतात. भिगवणसारख्या बाजाराच्या गांवीं ती रस्त्यावर येतांच साऱ्यांची दृष्टि तिच्याकडे जाते. म्हणून तिचा अर्थ आम्हीं आधीं समजून घ्यावा.

१. ती मिरवणूक केवळ भजनाची नव्हती. ख्रिस्तापूर्वीं १४१ सालीं शिमोन मक्काबी यानें यरुशलेमेंतील किल्ला परक्यांपासून घेतला, तेव्हांहि लोक झावळ्या घेऊन आंत शिरले होते. झावळी हें यहूद्यांस स्वातंत्र्याचेंहि चिन्ह होतें. तरी प्रभु लढाईच्या घोड्यावर न बसतां शिंगरावर बसला, आणि नगर दृष्टीस पडतांच त्यासाठीं रडला.

२. हें रडणें विसरलें कीं मिरवणूक बिघडते. १६९० सालीं आयर्लंडांत बॉइन नदीच्या लढाईंत प्रॉटेस्टंट राजा तिसरा विल्यम यानें रोमन कॅथलिक राजा दुसरा जेम्स याचा पराभव केला. १७९५ सालीं निघालेली ऑरेंज ऑर्डर ही संस्था उत्तर आयर्लंडांत दरवर्षीं १२ जुलै रोजीं त्या जयाची मिरवणूक काढते. तींत चालणाऱ्यांस ती आपल्या धर्माची व वडिलांची आठवण वाटते. पुष्कळ कॅथलिक शेजाऱ्यांस मात्र तोच ढोल आपल्या पराभवाची दवंडी वाटतो. पोर्टाडाउन गांवीं ड्रमक्री येथील उपासनेहून परतणारी मिरवणूक कॅथलिक वस्तींतून न्यावी कीं नाहीं, यावरून मोठे दंगे झाले, आणि १९९८ पासून तिला तो रस्ता बंद झाला. देवळांतून निघालेली पावलें शेजाऱ्याच्या दारीं भांडण होऊन पोहोंचलीं!

३. तर मग न्यायासाठीं रस्त्यावर येऊंच नये काय? असें आम्ही म्हणत नाहीं. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें हिंदूखेरीज इतर धर्म मानणाऱ्यांस अनुसूचित जातींतून वगळलें. पुढें शीखांस १९५६ सालीं व बौद्धांस १९९० सालीं त्यांत स्थान मिळालें. दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. म्हणून अनेक मंडळ्या १० ऑगस्ट हा निषेधाचा दिवस पाळतात. आपला हक्क मागणें हें पाप नव्हे. शेजाऱ्यास खालीं पाहावयास लावणें हें पाप होय.

यास्तव उपदेशक बंधूंनीं मिरवणुकीचा मार्ग आधींच शेजाऱ्यांस कळवावा. ज्या आळींत आजार किंवा दुःख असेल तेथें वाद्यें थांबवावीं. आणि वेशीपाशीं उभें राहून साऱ्या गांवासाठीं प्रार्थना करावी.

मननासाठीं प्रश्न : (१) प्रभु नगरासाठीं कां रडला? (२) ज्यांच्या दारावरून आम्ही गात जातों, त्यांच्यासाठीं आम्ही कधीं रडलों काय?