बांधीतला मुक्काम

भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा वेगळा व्हायला अजून चार-पाच वर्षांचा अवकाश होता, त्या काळची ही हकीकत आहे. तुमसर तालुक्यातील गायमुख येथे महाशिवरात्रीला जी यात्रा भरते, तिला बैलबंड्या जुंपून येणारी आणि झाडाखाली पाल ठोकून मुक्काम करणारी कुटुंबे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. आणि आपणही एकदा मुलाबाळांसह, धर्मशाळेचा किंवा नातलगांच्या ओसरीचा आश्रय न घेता, स्वतःच्या तंबूत दोन रात्री काढाव्यात, ही इच्छा मनात पुष्कळ वर्षे घर करून होती. इच्छा चांगली होती. परंतु ती पुरी करताना ज्या चुका माझ्या हातून घडल्या, त्यांपायी माझी वृद्ध आई आणि चार वर्षांची मुलगी यांना एक संपूर्ण रात्र भिजत, कुडकुडत काढावी लागली. तो प्रसंग मी आजही विसरू शकत नाही, आणि तंबू घेऊ इच्छिणाऱ्या गृहस्थाने तो वाचावा म्हणूनच लिहितो.

वास्तविक तंबूचे ज्ञान आमच्या घरात परंपरेने आले होते. माझे वडील जुन्या मध्यप्रांताच्या जमाबंदी खात्यात नोकरीस होते, आणि दिवाळी उलटून धानाची कापणी आटोपली की साहेबलोकांचा जो दौरा निघे, त्यात दफ्तराच्या पेट्या, दिवाबत्ती आणि राहुट्या यांच्या गाड्यांबरोबर त्यांना गावोगाव फिरावे लागे. एका मुक्कामी कचेरी चालू असताना दुसरा संच पुढच्या मुक्कामी रवाना झालेला असे. त्या काळी तंबू वजनावरून ओळखले जात: चाळीस पौंडी, ऐंशी पौंडी, मोठा असेल तर एकशे ऐंशी पौंडी. लांबीरुंदीची चौकशी मागाहून, आधी वजन.  पुण्यातील फरासखाना आज लोकांना पोलीस ठाण्यामुळे ठाऊक आहे, परंतु फरास म्हणजे डेरे-कनाती आणि बिछायती यांची निगा राखणारा माणूस, आणि त्याच्यासाठी राज्याच्या कारभारात एक स्वतंत्र खाते असे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. तंबू विकत घेणे हे एका दिवसाचे काम. त्याची निगा हे बारमाही काम.

हे सारे वडिलांच्या तोंडून ऐकलेले असूनही, ते हयात नसताना, मी नागपूरच्या बाजारात एका दुकानी गेलो आणि तेथे जो तंबू मला दाखविण्यात आला त्याचे कापड बोटांत धरून पाहताच मोहून गेलो. कापड ताठ होते, पुठ्ठ्यासारखे उभे राहत होते, आणि त्यावर हात फिरविला असता जाडपणाची खात्री पटत होती. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, वर एकेरी छत, लोखंडी कड्या, सुती तणावे आणि एक हात लांबीच्या लाकडी मेखा. किंमत माझ्या पगाराला परवडणारी होती. घासाघीस करून मी तो घेतला, आणि घरी आणून उलगडूनही न पाहता तसाच यात्रेच्या सामानात बांधला.

यात्रेच्या गर्दीपासून थोडे दूर, एका जुन्या मालगुजारी तलावाच्या खालच्या अंगाला, ओळखीच्या शेतकऱ्याची बांधी होती. धान निघालेले, जमीन सपाट, चारी बाजूंनी हातभर उंचीचे धुरे, पलीकडे तलावाची पाळ आणि तिच्यावर मोहाची झाडे. मुक्कामाला याहून रमणीय जागा कोणती? शेतकऱ्याची रीतसर परवानगी घेऊन आम्ही तंबू उभा केला. धानाची ती सिहार जमीन माघ महिन्यात विटेसारखी कडक झालेली होती. मेखा चार बोटांपेक्षा खोल जाईनात, तेव्हा मी मोगरीचे आणखी दोन ठोके घालून समाधान मानले, आणि तंबूला सुरकुती राहू नये म्हणून तणावे सारंगीच्या तारांसारखे ताणून बांधले. माझ्या आईने मात्र एकदा म्हटले, ‘तुझे बाबा दिवे लागले की दोऱ्या सैल करायला सांगायचे रे.’ मी ते ऐकले आणि सोडून दिले.

मध्यरात्रीनंतर ढग गरजले आणि विदर्भात माघ-फाल्गुनात कधी कधी जो मावठा येतो तो आला. आधी वारा, मग बोराएवढ्या गारा, मग पाऊस. पहिली पंधरा मिनिटे तंबूने दम धरला. नंतर छताच्या आतील अंगावर घाम फुटावा तसे थेंब दिसू लागले आणि पाहता पाहता त्यांची धार झाली. मी कंदील वर धरला तेव्हा भिंतीवरून ओघळणारे पाणी दुधासारखे पांढुरके दिसले, आणि ते बोटाला चिकट लागले. त्या क्षणी मला त्याचा अर्थ समजला नाही. तेवढ्यात पश्चिमेकडील एक मेख उपटून निघाली, पाठोपाठ दुसरी, आणि आढ्याचा बांबू कलंडून ओल्या कापडाचा सगळा भार आमच्या अंगावर आला. मुलगी त्याखाली सापडली. तिला बाहेर ओढून काढीपर्यंतचे काही क्षण माझ्या आयुष्यातील फार दीर्घ क्षण होते. तोवर बांधीत घोट्याएवढे पाणी साचले होते.

शेतकरी कंदील घेऊन धावत आला, त्याने आईला आधार देऊन धुऱ्यावर चढविले आणि आम्हा सर्वांना आपल्या घरी नेऊन चुलीपाशी बसविले. त्याची कारभारीण लुगडी काढून देत असताना तो मला हळूच म्हणाला, ‘बाबूजी, बांधीत कोनी राहुटी गाडते का जी? बांधी त पानी अडवासाठीच रायते.’ त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, नवल होते. ज्या जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात, जेथे कोहळी लोकांनी पिढ्यान् पिढ्या पाणी अडविण्यात आपले कौशल्य वेचले, त्या जिल्ह्यात जन्म घालवूनही मी माझा संसार एका रिकाम्या हौदात मांडला होता.

घरी परतल्यावर मी तंबूचा एक फाटका तुकडा कापून घेतला, दहा सेंटिमीटर लांब आणि तितकाच रुंद, आणि शेजारच्या सोनाराकडे जाऊन त्याच्या काट्यावर तोलविला. मग पावसात न भिजलेल्या पडदीतून तेवढाच दुसरा तुकडा घेऊन तोही तोलला. न भिजलेला तुकडा ३.६ ग्रॅम भरला. त्याला गरम पाण्यात चोळून, वाळवून पुन्हा काट्यावर ठेवला तेव्हा तो २.७ ग्रॅम भरला, आणि तांब्यातले पाणी त्या रात्रीसारखे पांढरे झाले. मी जाडपणा म्हणून जे विकत घेतले होते त्यातला चौथा हिस्सा खळ होती.

तंबूचे कापड घेताना हीच परीक्षा मी आता प्रत्येकाला सांगतो, कारण तिला खर्च नाही. दुकानदाराकडून नमुन्याचा तुकडा मागावा. जो देत नाही त्याच्याकडून घेऊ नये. कुटुंबाच्या तंबूला छतासाठी दर चौरस मीटरला सुमारे ३४० ग्रॅमचे, म्हणजे जुन्या हिशेबाने दर चौरस वाराला दहा औंसांचे, किंतान असावे. दहा सेंटिमीटरच्या चौकोनाचे वजन ३.४ ग्रॅम भरले पाहिजे, आणि तेही धुतल्यावर. भिंतींना त्याहून थोडे हलके चालते. नंतर मोठ्या नमुन्याची झोळी करून तीत तांब्याभर पाणी ओतावे आणि रात्रभर टांगून ठेवावी. सकाळी झोळीची पाठ ओलसर लागली तर चिंता नाही. खाली थेंब पडत असतील तर ते कापड शामियान्यापुरते ठीक, पावसाला नव्हे.

आता जे सांगतो ते पुष्कळांना विपरीत वाटते. सुती किंतान पाणी अडविते ते भिजूनच. सूत भिजले की फुगते, फुगले की धाग्याधाग्यांमधील छिद्रे बुजतात, आणि मग पाणी आत न येता कापडावरून ओघळते. म्हणून नवा तंबू प्रवासाला नेण्यापूर्वी अंगणात उभा करून नळीने चिंब भिजवावा, उन्हात खडखडीत वाळवावा, आणि हा संस्कार दोन-तीन वेळा करावा. पहिल्या खेपेस शिवणींतून थेंब गळतील. सुईची भोके दोरा फुगून बुजत जातात, तशी गळती कमी होते. शिवण दुहेरी आणि कड आत दुमडलेली असावी. एकेरी शिवणीचा तंबू कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये. पाऊस चालू असताना ओल्या छताला आतून बोट, डोके किंवा ट्रंक लागू देऊ नये, कारण ज्या ठिकाणी स्पर्श होतो तेथूनच पाणी पाझरू लागते. मुलांना हे आधी समजावून सांगावे. छत दुहेरी, मध्ये वीतभर पोकळी ठेवलेले असेल तर हा प्रश्न बराचसा मिटतो, आणि वैशाखात, जेव्हा भंडाऱ्याचे ऊन पंचेचाळीस अंशांच्या घरात जाते, तेव्हा त्या पोकळीतील हवेचे मोल कळते.

दोरीसंबंधी आईचे म्हणणे शास्त्रशुद्ध होते. सुताचा किंवा तागाचा दोर भिजला की त्याचा पीळ आवळतो आणि दोर लांबीने आखडतो. जो दिवसा ताणून बांधला आहे तो रात्री पावसात एकतर स्वतः तुटतो, नाहीतर मेख उपटतो, आणि दोर व मेख दोन्ही टिकली तर कापड फाटते. म्हणून संध्याकाळी तणावे थोडे सैल करावेत. नायलॉनचा दोर याच्या उलट, ओला झाला की किंचित सैलावतो, तो सकाळी ताणून घ्यावा लागतो. मेखा तंबूच्या विरुद्ध बाजूला कलत्या ठोकाव्यात आणि दोन-तृतीयांश तरी जमिनीत जाव्यात. कडक सिहार जमिनीत लाकडी मेख जात नसेल तर लोखंडी सळईने आधी भोक पाडावे. कड्या पितळी घ्याव्यात. भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव म्हणून मी हे सांगत नाही. लोखंडी कडीचा गंज भोवतालच्या कापडाला खातो, आणि माझ्या तंबूच्या चार कोपऱ्यांना तांबडी भगदाडे पडली होती.

जागेविषयी इतकेच की बांधीत, तलावाच्या पाळीखाली आणि नदीच्या वाळूत तंबू ठोकू नये. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेचे पाणी भंडारा शहरात कसे शिरले ते ज्यांनी पाहिले, त्यांना हे पुन्हा सांगावे लागणार नाही. कोका किंवा नागझिऱ्याच्या अभयारण्यात तर वनखात्याच्या परवानगीवाचून मुक्कामाचा विचारही करू नये. उंच, उताराची, बरडी जमीन पाहावी. ती पायांना टोचते, पण पाणी धरीत नाही. तळाला शिवलेली, कडा वर वळवलेली जाड मेणकापडी बैठक असावी, कारण आपल्या भागात विंचू-सापांचे भय खरे आहे. आणि थंडी कितीही असो, झोपण्याच्या तंबूत शेगडी पेटवू नये. ओल्या किंतानाची वीण बुजलेली असते, हवा खेळत नाही, आणि कोळशाचा धूर न दिसताही माणूस झोपेतच दगावतो.

त्या रात्रीनंतर मी आणखी एक चूक केली. ओला तंबू तसाच गुंडाळून माळ्यावर टाकला, आणि महिन्याभराने काढला तेव्हा काळ्या ठिपक्यांनी भरलेले ते कापड हातात जुन्या पिंपळपानासारखे फाटत होते. ओलसर किंतान दोन दिवस गुंडाळून राहिले तरी बुरशीला पुरेसे होते. प्रवासातून ओला तंबू आणावाच लागला तर घरी पोचताच, हातपाय धुण्याआधी, तो दोरीवर टाकावा. साबणाने धुऊ नये. चिखल वाळू द्यावा आणि मऊ कुंच्याने झाडावा.

आजचा आमचा तंबू दुहेरी छताचा आहे आणि त्याला वीस वर्षे होत आली. पावसाळा उतरला की माझी मुलगी, जी त्या रात्री कापडाखाली सापडली होती, आपल्या दोन मुलांना घेऊन येते आणि अंगणात तो उभा करून नळीने भिजविते. मुले आत बसून छताकडे पाहत असतात. दिवे लागले की ती बाहेर जाऊन एकेक तणावा सैल करते, आणि मोठ्या मुलाच्या हातात दोरीचे टोक देऊन, किती सैल, हे त्याला बोटाने दाखविते.