रोप पारखणारा डोळा

मुलांनो, पावसाळ्यात शाळेत झाडे लावताना तुम्हांला एक रोप निवडायला सांगितले, तर कोणते निवडाल? बहुतेक जण सर्वांत उंच रोप उचलतील. पण उंच रोप सशक्त असतेच असे नाही. त्याचे खोड आणि मुळेही पाहावी लागतात.

अमेरिकेच्या दक्षिण भागात पाइन वृक्षांची मोठी लागवड होते. रोपवाटिकेतील रोपे हिवाळ्यात जमिनीतून काढतात. मूळ व खोड जेथे मिळतात, तेथे खोडाची जाडी पाहतात. फिलिप वेकली या वनशास्त्रज्ञाने १९५४ साली आपल्या पुस्तकात अशा रोपांची प्रतवारी सांगितली. लॉबलॉली पाइनचे रोप साधारण ३.२ मिलिमीटरपेक्षा बारीक असेल, तर ते बाद समजतात.

हे काम माणसे हाताने करीत. दिवसभर रोपे पाहून डोळे थकत. मग एखादे चांगले रोप फेकले जाई आणि दुबळे रोप लागवडीला जाई. ते मेले, की श्रम आणि वर्ष दोन्ही वाया!

ओक्लाहोमा राज्य विद्यापीठातील रिग्नी व क्रॅन्झलर यांनी यावर उपाय शोधला. १९८८ साली त्यांनी आपले संशोधन प्रसिद्ध केले. सरकत्या पट्ट्यावरून एक-एक रोप कॅमेऱ्याखालून जाते. संगणक त्या चित्राचे बारीक ठिपके करतो. खोडाच्या रुंदीत किती ठिपके आले, हे मोजून तो जाडी ठरवतो. उंची आणि मुळांचा पसाराही तो पाहतो. एका रोपाला सुमारे पाव सेकंद पुरतो. यालाच ‘यंत्रदृष्टी’ म्हणतात.

हा डोळा थकत नाही, पण चुकतो. पाने खोडावर आली, तर बारीक खोड त्याला जाड भासू शकते. शिवाय कोणते रोप चांगले, हे त्याला माणसानेच शिकवलेले असते. आणि एक गोष्ट मोजमापात येत नाही. मुळे उन्हात वाळली असतील, तर जाड खोडाचे रोपही जगत नाही.

म्हणून मुलांनो, रोप हाती आले, की त्याची मुळे ओली ठेवा. निवड यंत्राने केली, तरी जपणूक आपणच करायची असते.

शब्दार्थ : सशक्त – बळकट, प्रतवारी – दर्जाप्रमाणे केलेली विभागणी, दुबळे – अशक्त, जपणूक – काळजी घेणे.

स्वाध्याय
१. रोप निवडताना काय काय पाहावे?
२. संगणक खोडाची जाडी कशी ठरवतो?
३. जाड खोडाचे रोपही केव्हा जगत नाही?